प्राणवायू, परीक्षानळी आणि पीसीएम : मुलुंडकरांच्या रसायनाच्या अभ्यासाची गोष्ट

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं होतं, ''आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू जरा इतिहास लिही.'' इतिहास म्हटल्यावर शाळेची स्थापना, इमारतीचा विस्तार, मुख्याध्यापकांची यादी हे सगळं डोळ्यांसमोर आलं. पण ते काम शाळेने आपल्या सुवर्णमहोत्सवी अंकात नीट केलेलं आहे. म्हणून मी विषय निवडला रसायनाच्या परीक्षेचा. आपली शाळा, आपलं मुलुंड आणि आपल्यातल्या अनेकांची पोटापाण्याची वाट या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या, ते ठिकाण म्हणजे दहावी-बारावीचं रसायन. मी स्वतः तीस वर्षं औषधांच्या गुणवत्ता-तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे या विषयाकडे जरा जास्त झुकते, हे आधीच सांगून टाकते.

आपली बॅच मार्च १९८५ ची दहावी आणि १९८७ ची बारावी. आपल्या आधी काय होतं आणि आपल्या नंतर काय झालं, हे पाहिल्याशिवाय आपण कुठे उभे होतो ते कळत नाही. म्हणून थोडं मागे जाऊया.

मॅट्रिक, अकरावी आणि दहावी

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पुढची नव्वद वर्षं शाळा संपली की विद्यापीठाची परीक्षा, असाच रिवाज होता. आपल्या आजोबांच्या तोंडी 'मॅट्रिक' हा शब्द होता तो त्यामुळे. १९४९ साली मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. परीक्षा आली. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १ जानेवारी १९६६ रोजी राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आलं आणि २७ जानेवारी १९६७ रोजी 'बालभारती'ची स्थापना झाली. म्हणजे ज्या परीक्षेच्या धास्तीने आपण पहाटे चारला उठायचो, तिची यंत्रणा आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा काही वर्षांनीच मोठी होती!

आपल्या मोठ्या भावंडांची एस.एस.सी. अकरावीची होती. तिच्यात विषय निवडायला मोकळीक होती. गणित-विज्ञान झेपत नाही असं घरच्यांना वाटलं, की मूल दुसरीकडे वळायचं आणि अशा वळवलेल्यांत मुली जास्त असायच्या. माझी थोरली बहीण अकरावीवाली. हुशार होती, पण रसायनाचं पुस्तक तिच्या हाती कधी आलंच नाही.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेची पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असावं, अशी शिफारस केली. त्याच आयोगाच्या १०+२+३ या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही परीक्षा होती. एका वर्षात दोन बॅचेस शाळेबाहेर पडल्या आणि कॉलेज प्रवेशाची झुंबड उडाली, ही गोष्ट आपल्या शिक्षकांच्या पिढीने पुष्कळदा ऐकवली आहे.

या बदलाचा एक परिणाम कमी बोलला जातो. सक्तीमुळे वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या हातात परीक्षानळी आली. बहीण आणि मी यांच्यामध्ये १९७५ साल होतं. तिच्या वेळी निवड घरच्यांनी केली आणि माझ्या वेळी करायला निवडच उरली नव्हती. माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातून घडलं.

प्राणवायूची भाषा

आपलं रसायन मराठीतलं. ही भाषाही काही आपोआप तयार झाली नव्हती. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांसारख्या माणसांनी मराठीत रसायनावर ग्रंथ लिहिले, तेव्हा निम्मे शब्द नव्याने घडवावे लागले आणि निम्मे बाजारातून उचलता आले. प्राणवायू, नत्रवायू, उज्जवायू हे घडवलेले. मोरचूद, नवसागर, तुरटी, हिराकस, सोरा, टाकणखार, पापडखार हे काष्ठौषधीच्या नाहीतर वाण्याच्या दुकानातले.

आपल्या वेळेपर्यंत पाठ्यपुस्तकात हायड्रोजन आणि ऑक्सिजन आले होते. पण जुन्या वळणाचे सर फळ्यावर 'ऑक्सिजन' लिहून तोंडाने 'प्राणवायू'च म्हणायचे. शिवाय आम्ल, आम्लारी, क्षार, संयुजा, उत्प्रेरक, क्षपण, अवक्षेप, चंचुपात्र हे शब्द होतेच. पाठांतराच्या वेळी ते जड वाटायचे. आज मागे वळून पाहताना मात्र जाणवतं, की त्यातले पुष्कळ शब्द स्वतःचा अर्थ पोटात घेऊन आले होते. 'संयुजा' म्हटलं की जोडलं जाणं दिसतं. 'विद्युत अपघटन' म्हटलं की विजेने तुकडे होणं दिसतं. 'उदासिनीकरण' म्हणताना आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा जोर कसा काढून घेतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

एक गंमत तर मला नोकरी लागल्यानंतर कळली. 'ऑक्सिजन' या शब्दाचा मूळ अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिए याने तो दिला, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. पुढे १८१० साली इंग्लंडमधल्या हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं, की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूसही नसतो. समजूत चुकीची ठरली, पण नाव जगभर तेच राहिलं. आपला 'प्राणवायू' या गफलतीतून सुटला. त्याने वायूचं नाव त्याच्या कामावरून ठेवलं आणि ते काम आजही खरं आहे.

दहावीची तयारी

आपल्या प्रयोगशाळेचं वर्णन करायची गरज नाही. दोन लांब टेबलं, स्पिरिटचे दिवे, कडेच्या कपाटात तपकिरी बाटल्या आणि 'हात लावू नये' ही पाटी. गॅसचा बर्नर बाईंच्या टेबलावर एकच. पण त्या खोलीत जे व्हायचं ते खरं व्हायचं. जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य गंधकाम्ल ओतलं, की बुडबुडे यायचे आणि जळती काडी नळीच्या तोंडाशी नेली, की 'पॉप' असा आवाज. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली, की ती दुधी व्हायची. फुंकत राहिलं तर पुन्हा स्वच्छ! पहिल्यांदा दुधी का आणि नंतर स्वच्छ का, हा प्रश्न 'कारणे द्या'मध्ये हमखास यायचा. फुंकर मारलेल्याला उत्तर पाठ करावं लागत नसे. आधी न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो आणि मग आणखी कर्ब वायू मिळाला, की त्याचाच विरघळणारा बायकार्बोनेट होतो. हेच उलट दिशेने मुलुंडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात चालू होतं. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी जमणारा पांढरा थर म्हणजे तोच कार्बोनेट.

परीक्षेचे प्रकार ठरलेले. कारणे द्या. फरक स्पष्ट करा. टीपा लिहा. समीकरणं संतुलित करा. सुबक आकृती काढून भागांना नावं द्या. 'सुबक' या शब्दाने किती पेन्सिली संपवल्या असतील! आकृतीतल्या नरसाळ्याची नळी द्रवात बुडालेली दाखवली नाही तर वायू नरसाळ्यातूनच निसटेल, म्हणून गुण कापले जायचे. ते कापणं योग्यच होतं. आकृती हा प्रयोगाचाच भाग आहे, हे त्या एका गुणाने शिकवलं.

घरी तयारीची साधनं तीन. एक पाठ्यपुस्तक, दुसरं 'नवनीत'चं गाइड आणि तिसरं, जानेवारी उलटला की हातोहात फिरणारं 'एकवीस अपेक्षित'. अपेक्षित संच प्रत्येकाकडे नसायचा. एका इमारतीत एक आला, की तो रात्रपाळीवर चालायचा. आठ ते दहा एकाकडे, दहानंतर दुसऱ्याकडे. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही बंद ठेवायला सांगणं अवघड, म्हणून कुणी गच्चीवर, कुणी जिन्याच्या दिव्याखाली, तर कुणी ग्रंथालयाच्या बाकावर बसायचं. शिकवणीला जाणारी मुलं होती, पण वर्गात शिकवलेलं समजत नाही म्हणून जाणारी. शाळा सोडून शिकवणीला जायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रस्त्यावरचं रसायन

इतर उपनगरांतल्या मुलांना जे नव्हतं, ते आपल्याला होतं. आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर रसायनाचे कारखाने होते. हेक्स्ट, जॉन्सन अँड जॉन्सन, बरोज वेलकम ही नावं आपल्या वडिलांच्या डब्याच्या वेळेशी जोडलेली होती. विक्रोळीला गोदरेजचा साबण. जरा पलीकडे ट्रॉम्बे-माहुलला पन्नासच्या दशकात उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीकरणाच्या रिफायनऱ्या, साठच्या दशकातला खताचा कारखाना आणि अणुशक्तीचं केंद्र. शेजारच्या भांडुप संकुलात तुरटी आणि क्लोरीन घालून मुंबईचं पाणी शुद्ध होत होतं. तुरटीने गढूळ पाणी निवळतं, हे आपण पुस्तकात वाचत होतो आणि तेच पाणी पीत होतो.

यातली एक गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. मुलुंडमध्ये हेक्स्टचं संशोधन केंद्र होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात माइनमुळाच्या मुळांतून एक संयुग वेगळं केलं. त्याचं नाव फोर्स्कोलिन. माइनमुळ म्हणजे आपले गुजराती शेजारी ज्याला गरमर म्हणतात आणि ज्याचं लोणचं घालतात, तीच वनस्पती. पेशीच्या आत संदेश पोहोचवणारी एक साखळी असते. ती चालू करण्याचं काम हे संयुग करतं, म्हणून आज जगभरच्या जीवरसायन प्रयोगशाळांमध्ये ते नेहमीच्या वापरातलं रसायन आहे. आपण 'सुबक आकृती' काढत होतो, तेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर हे काम झालेलं होतं आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती.

कारखाना जवळ असण्याचा अर्थ साधा होता. रसायन शिकलं की नोकरी दिसत होती. बी.एस्सी. केमिस्ट्री केलेला शेजारचा दादा पांढरा कोट घालून कंपनीच्या बसमध्ये चढताना दिसायचा. त्या कोटाचा रस्ता दहावीच्या विज्ञानाच्या पेपरातून जातो, हे कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

अकरावी : भाषेचा उंबरठा

दहावीनंतर आपण पांगलो. १९८४ साली मुलुंड पूर्वेला वझे महाविद्यालय सुरू झालं होतं, त्यामुळे काही जण घराजवळच राहिले. बाकीचे विद्याविहारच्या सोमय्याला, घाटकोपरला, ठाण्याच्या बांदोडकरला, तर कुणी माटुंग्याच्या रुईयाला. गाव बदललं नाही, पण भाषा बदलली. मुंबईत विज्ञान शाखा म्हणजे इंग्रजी. जूनमध्ये पहिल्या तासाला 'प्रेसिपिटेट' हा शब्द आला. अवक्षेप काय ते मला माहीत होतं, तो नळीत पाडलाही होता, पण तोच समोर उभा असून ओळखता येत नव्हता. वर्गात इंग्रजी माध्यमाची मुलं हात वर करायची आणि आपण, दहावीला त्यांच्याहून जास्त गुण मिळवलेले, खाली मान घालून वहीच्या समासात मराठी प्रतिशब्द लिहीत बसायचो. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक. रिडक्शन म्हणजे क्षपण. व्हॅलन्सी म्हणजे संयुजा. दिवाळीपर्यंत ती यादी भरली आणि मग तिची गरज संपली.

त्या सहा महिन्यांत काही जण कायमचे मागे पडले, हेही या इतिहासात नोंदवलं पाहिजे. आपल्या बॅचमधली निदान तीन मुलं विज्ञान सोडून कॉमर्सला गेली. विषय कळत नव्हता म्हणून नव्हे. प्रश्न कळत नव्हता म्हणून.

हे केवळ आपल्यालाच वाटत होतं असं नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र याच प्रश्नावर काम करत होतं. आधी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये आणि मग मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित घरांतल्या मुलांबरोबर. मुलांच्या वाटेत अनेकदा बुद्धी नव्हे तर भाषा आडवी येते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. हे केंद्र आज मानखुर्दला आहे. २००१ साली आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिम्पियाड मुंबईत भरलं, तेव्हा त्याची धुरा याच केंद्राने वाहिली.

बारावी : सॉल्ट अ‍ॅनालिसिस

बारावीच्या रसायनाची खरी परीक्षा प्रात्यक्षिकाची. बाकावर पांढरी पूड ठेवलेली. तीत कोणता धन आयन आणि कोणता ऋण आयन आहे, ते शोधून काढायचं. आधी रंग, वास, ज्योतीची परीक्षा. बेरियमला पोपटी हिरवी ज्योत, स्ट्रॉन्शियमला किरमिजी, कॅल्शियमला विटकरी. मग एकेक गट. दुसऱ्या गटासाठी किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. त्याचा सडक्या अंड्यांचा वास ओढणीला चिकटायचा आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात आपोआप जागा व्हायची.

तिसऱ्या गटात एक नियम होता. आधी नवसागर, मगच अमोनियम हायड्रॉक्साइड. उलटं केलं की सगळं बिघडायचं. का, हे थिअरीच्या तासाला 'कॉमन आयन इफेक्ट' या नावाखाली आलं. नवसागरातल्या अमोनियम आयनांमुळे द्रावणातले हायड्रॉक्साइड आयन दबले जातात. उरलेल्या थोड्याशा आयनांत लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि क्रोमियम एवढेच खाली बसतात. जस्त, मॅग्नेशियम द्रावणातच राहतात, त्यांची पाळी पुढे येते. म्हणजे जे प्रकरण मुलांना सगळ्यांत अवघड वाटतं, ते 'आयनिक समतोल', आपण आधी हाताने केलं होतं आणि नंतर वाचलं. फळ्यावरच्या समीकरणाला नळीतल्या लोखंडी गंजाच्या रंगाचा आधार होता.

टायट्रेशनचंही तसंच. पोटॅशियम परमँगनेटचा एक थेंब जास्त पडला, की फिक्या गुलाबीचा जांभळा व्हायचा आणि वाचन पुन्हा घ्यावं लागायचं. एका थेंबाची किंमत काय असते, हे मला कुठल्याही व्याख्यानाने शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी ब्युरेट हातात आली, तेव्हा हाताला ती ओळखीची होती.

सगळं आदर्श होतं असं भासवायला नको. प्रात्यक्षिकाच्या दिवशी कोणत्या बाकावर कोणतं सॉल्ट आहे, ही बातमी बाहेर फिरायची. जर्नल उतरवून काढणारे होते. पण बातमी कळली तरी परीक्षकांसमोर नळीत अवक्षेप पाडून दाखवावाच लागायचा आणि त्याला हात लागायचा.

टक्क्यांचं रसायन

आपल्या काळात इंजिनीअरिंग आणि मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होते. इंजिनीअरिंगला भौतिक, रसायन, गणित म्हणजे पीसीएम आणि मेडिकलला पीसीबी. एकेका गुणावर कॉलेज बदलायचं. माटुंग्याच्या यू.डी.सी.टी.चं नाव आपल्याकडे दबक्या आवाजात घेतलं जायचं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पालिकेच्या शाळेत मराठीतून शिकलेले रघुनाथ माशेलकर १९६६ साली तिथून रासायनिक अभियंता झाले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. 'माशेलकर झाले तर तुम्ही का नाही?' हा युक्तिवाद नंतरच्या कितीतरी बॅचेसनी ऐकला असेल.

नव्वदीनंतर दोन गोष्टी एकदम घडल्या. शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद झाले किंवा मुंबईबाहेर गेले आणि त्या रस्त्यावर मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्याच दशकाच्या अखेरीपासून प्रवेशासाठी सामाईक परीक्षा आल्या. म्हणजे रसायन शिकण्याचं दिसणारं कारण नाहीसं झालं आणि त्याच वेळी रसायनाचा प्रश्न चार पर्यायांचा झाला. २०१३ साली देशभरासाठी 'नीट' पहिल्यांदा झाली. तिच्यात रसायनाचे पंचेचाळीस प्रश्न आणि एकशे ऐंशी गुण. त्यात परीक्षानळीला जागा नाही.

बोर्डाच्या परीक्षेत रसायनाची लेखी सत्तर गुणांची आणि प्रात्यक्षिक तीस गुणांचं आहे. २०२० साली बारावीचं नवं पुस्तक आलं. त्यात सोळा प्रकरणं आहेत आणि शेवटचं हरित रसायन व नॅनोरसायन. पुस्तक आपल्या पुस्तकापेक्षा कितीतरी चांगलं आहे. मी माझ्या भाचीचं वाचलं. पण ते आलं त्याच वर्षी करोनाने प्रयोगशाळांना कुलूप लागलं. २०२१ ची बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि दहावीचे तीस टक्के, अकरावीचे तीस टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे चाळीस टक्के, अशी बेरीज करून निकाल लागला. भाचीला रसायनात उत्तम गुण आहेत. तिने ब्युरेट हातात धरलेली नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, रसायनाच्या पेपराच्या दिवशी प्रश्नपत्रिकेचा काही भाग पेपर सुरू होण्याआधीच मोबाइलवर आल्याचं विलेपार्ल्यात उघडकीला आलं. मालाडमधल्या एका खासगी क्लासच्या चालकाला अटक झाली आणि विधिमंडळात त्यावर चर्चा झाली. आपल्या वेळीही बातम्या फुटायच्या, ते वर लिहिलंच आहे. फरक एवढाच, की कागदावरचा प्रश्न फुटला तर उत्तरही कागदावरच पुरतं. नळीतलं उत्तर फोनवर पाठवता येत नाही.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. 'नीट' २०१७ पासून मराठीतूनही देता येते आणि 'जेईई मेन' २०२१ पासून. ज्या उंबरठ्यावर आपले मित्र अडखळले, तो निदान कागदावर तरी खाली आला. पण देशभरातल्या परीक्षार्थींच्या मानाने मराठीतून देणारी मुलं फारच थोडी, कारण मधली दोन वर्षं इंग्रजीतूनच जातात. पुलाची दोन्ही टोकं बांधली आहेत, मधला भाग अजून बांधायचा आहे.

आता आपण

इतिहास इथे संपतो आणि काम सुरू होतं. स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही काही जण शाळेत गेलो होतो, तेव्हा प्रयोगशाळा पाहिली. टेबलं तीच आहेत. मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी झाल्या आहेत, पण जी मुलं येतात त्यांच्या घरी दुसरी प्रयोगशाळा नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांचे आईवडील महागडा क्लास लावू शकत नाहीत. बाईंनी सांगितलं, की रसायनाचे प्रयोग आता बरेचसे पडद्यावर दाखवले जातात, कारण सामान पुरत नाही.

पडद्यावरची निवळी दुधी होते, पण तिला फुंकर मारता येत नाही.

मेळाव्यासाठी जमलेल्या निधीतून काय करावं, यावर बऱ्याच सूचना आल्या आहेत. प्रवेशद्वाराची कमान ही त्यातली एक. माझी सूचना साधी आहे. चाळीस मुलांना एका वेळी स्वतःच्या हाताने प्रयोग करता येईल एवढं सामान आपण प्रयोगशाळेला द्यावं. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, स्पिरिटचे दिवे, सहा ब्युरेट, डोळ्यांचे चष्मे, अग्निशामक आणि दर वर्षी लागणारी रसायनं. मोरचूद, नवसागर, तुरटी, चुना यांच्या किमती कमानीच्या संगमरवरापुढे काहीच नाहीत. दुसरं, आपल्यातले जे रसायनात काम करून निवृत्त झाले आहेत, ते मोजले तर अकरा निघतात. महिन्यातून एक शनिवार प्रत्येकाने दिला, तर नववी-दहावीच्या मुलांचे वर्षभराचे प्रयोग होतात. दहावीची परीक्षा संपली, की त्याच मुलांसाठी दोन महिन्यांचा एक छोटा वर्ग घ्यावा. अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, क्षपण म्हणजे रिडक्शन, एवढीच दोनशे शब्दांची यादी, पण वहीत नव्हे तर नळी हातात धरून. जूनमध्ये अकरावीच्या पहिल्या तासाला त्यांना मान खाली घालावी लागू नये.

सामानाची यादी बाईंनी करून दिली आहे आणि ती नोंदणीच्या टेबलावर ठेवलेली असेल. यादीतल्या ज्या वस्तूपुढे तुमचं नाव लिहावंसं वाटेल, तिथे लिहा. शनिवारांचा तक्ता तिच्या शेजारीच आहे. पहिल्या शनिवारी मी आहे.